दारातली माणसं

अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया
शनिवार, १० नोव्हेंबर २००७

प्रिय मैत्री,

हे पत्र दिगंबरकाका तुझ्या हातात देतील. शरयूकाकू सोबत असतील, तुमच्या तिकडच्या मंडळातली आणखी काही माणसंही असतील. एवढ्या सकाळी कशी आलात, असं विचारू नकोस. चहाचं काकू बघतील. तुझ्या स्वयंपाकघरात काय कुठे असतं ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तू फक्त सोफ्यावर बस आणि वाच. आतल्या खोलीत जाऊ नकोस, त्यांच्यासमोरच वाच. फॅक्समध्ये माझं अक्षर आणखी बिघडलं असेल. लागलं तर काकांना विचार.

मला तुला मुलूबद्दल सांगायचंय. फोनवर तू नेहमी विचारतेस, तुझी ती इथिओपियन काय म्हणते, आणि मी एवढंच सांगते, मजेत आहे. मुलू एवढ्यात मावत नाही. मी इथे आले तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते. राजाराम सकाळी गाडी घेऊन हर्नडनला जायचा आणि मी खिडकीत बसायचे. खिडकीतून पार्किंग दिसायचं. बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायची मशिनं होती, तिथे जाणं हीच माझी सहल. माझ्या कपड्यांना फोडणीचा वास येतो याची मला तेव्हा फार लाज वाटायची. कुणी असलं की मी लांबचं मशीन घ्यायचे. एकदा एक उंच बाई माझ्या मागोमाग तिथवर आली, माझ्या टोपलीवर वाकून वास घेतला आणि म्हणाली, तुझ्या घरी मेथी आहे, मला थोडी दे. तीच मुलू. तिच्या घरी मेथी तुपात जाते आणि तिखटातही. त्या दिवसापासून मी लांबचं मशीन घेणं सोडलं.

तिच्याकडे कॉफी म्हणजे अर्धा दिवस जातो. कच्च्या बिया ती आपल्यासमोर तव्यावर भाजते आणि तो धुराचा तवा प्रत्येकाच्या नाकापाशी नेते. वास घेतल्याशिवाय सुटका नाही. धुराने अलार्म वाजू नये म्हणून आधी खुर्चीवर चढून त्याला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालते. मग काळ्या मातीच्या सुरईतून तीन वेळा कॉफी होते. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठायचं नाही. पहिल्या वेळी मी एका कपानंतर थँक्यू म्हणून उठले होते. तिने माझा दंड धरून मला परत बसवलं. म्हणाली, घरी कोण रडतंय तुझं? बिल्डिंगमध्ये निम्मे तिचेच लोक. कुणी टॅक्सी चालवतं, कुणी हॉटेलात कामाला आहे, कुणी हॉस्पिटलात. रविवारी सगळी पांढऱ्या सुती शाली पांघरून चर्चला निघतात तेव्हा लिफ्टमध्ये मला आपली चौदा ऑक्टोबरची, धम्मचक्र दिनाची सकाळ आठवते. आई पांढऱ्या साडीच्या निऱ्या धरायची आणि तुला आणि मला ओरडायची, पाय पुसून या.

आईशी गुरुवारी बोलले. डायलिसिसहून नुकतीच आली होती, आवाज खोल गेला होता. तरी पहिला प्रश्न तोच. मैत्री जेवते का गं वेळेवर? मी म्हटलं, जेवते. ती म्हणाली, तू खोटं बोलतेस, ती भातावर दही घालून लॅपटॉपसमोर बसत असेल. मग म्हणाली, कोणीतरी भरवायला पाहिजे त्या पोरीला. जगन्नाथदादा मागून म्हणाला, तीस वर्षांची घोडी झाली आई ती. आई म्हणाली, तू गप बस.

बाबा गेले त्या वेळचं मी आजवर तुझ्याशी बोलले नाही. तूही विषय काढला नाहीस. दादाचा फोन तुला लागत नव्हता. तोवर नागपुरातून बातमी कुणाकडून तरी मंडळात पोचली आणि कुणीतरी चांगल्या मनाने आपल्या याहू ग्रुपवर ‘भावपूर्ण आदरांजली’ अशी मेल टाकली. तू ती ऑफिसात वाचलीस. आधी तुला वाटलं, दुसऱ्या कुणाचे बाबा. मग खाली आपल्या घराचा, इंदोऱ्याचा पत्ता वाचलास. तरी मीटिंग पुरी केलीस आणि फ्रीवेवरून एकटी गाडी चालवत घरी आलीस. मी फोन केला तेव्हा म्हणालीस, मी ठीक आहे ताई. दुसऱ्या दिवशी काकू आल्या तेव्हा तू त्याच कपड्यांत खुर्चीत बसलेली होतीस आणि घरात काही शिजलेलं नव्हतं. हे मला काकूंनी सांगितलं, तू नाही.

मी ते मुलूला सांगितलं. तिने कप खाली ठेवला. विचारलं, बातमी द्यायला कोण गेलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही, ईमेल. तिला वाटलं माझं इंग्रजी तिला कळलं नाही. तिने परत विचारलं, नाही, तिच्याजवळ कोण होतं? मी म्हटलं, कोणीच नव्हतं. ती म्हणाली, कसले लोक आहात तुम्ही. मला राग आला. मी तिसरा कप न घेता उठले, आणि त्या वेळी तिने मला थांबवलं नाही. नंतर कितीतरी दिवस आम्ही तळघरात भेटलो की साबणाबद्दल बोलायचो. मग मीच मेथी घेऊन गेले.

या वर्षी त्यांचं दोन हजार साल लागलं. त्यांचं कॅलेंडर आपल्याहून सात-आठ वर्षं मागे चालतं आणि नवं वर्ष सप्टेंबरात येतं. मुलू म्हणाली, बघ, तुझ्याहून मी आठ वर्षांनी तरुण झाले. राजाराम म्हणाला, म्हणजे परत वाय-टू-के! मला बोलवा, मी त्याच कामाला इथे आलो होतो. सगळा उन्हाळा बिल्डिंगमध्ये तेच. कोणाच्या घरी शिवण चालू, कोणाच्या घरी गाण्याची तालीम. वॉशिंग्टनमध्ये मोठा कार्यक्रम ठरला होता. मुलूने मला बजावलं होतं, तुझी पांढरी साडी नेस, तुला कोणी परकी म्हणणार नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात मला लिफ्टमध्ये तडेसेकाका भेटले. टॅक्सी चालवतात, त्यांच्या चर्चमधले वडीलधारे. मी सहज म्हटलं, मुलूचा भाऊ गोंदरहून या वर्षी येणार होता ना? त्यांनी लिफ्टचं बटण दाबून धरलं. मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं आणि सांगितलं की भाऊ गेला. सगळ्यांना ठाऊक आहे, तिला नाही. तिला अजून कळता कामा नये, आणि तू तिच्याकडे रोज जातेस, तर तोंड सांभाळ. मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, ती लहान मूल आहे का? तिचा भाऊ आहे, तिचा पहिला हक्क. तुम्ही सगळे तिच्या तोंडावर हसता आणि हे पोटात ठेवता? ते शांतपणे म्हणाले, आज सांगू? आज ती रात्रपाळीला चालली आहे. निम्मे लोक कामावर. कोण बसेल तिच्याजवळ? मी म्हटलं, निदान तिच्या घरच्यांना फोनवर तरी सांगू द्या. ते म्हणाले, पडली तर फोन तिला धरेल का?

मी मुलूला टाळू लागले. ती दारावर थाप मारून म्हणायची, नवऱ्याशी भांडलीस की माझ्याशी? कार्यक्रमाला मात्र मी गेले. एवढी पांढरी वस्त्रं मी नागपूर सोडल्यापासून एका जागी पाहिली नव्हती. मुलूने माझ्या अंबाड्यात पिवळं फूल खोचलं. ते लोक नाचताना पाय फारसे हलवत नाहीत, खांदे हलवतात. मुलूचे खांदे तर थांबतच नव्हते. तिच्याभोवती तडेसेकाका, त्यांची बायको, तिसऱ्या मजल्यावरची सगळी मंडळी नाचत होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला ते पाहवेना. घरी येताना मी राजारामला म्हटलं, ही माणसं निष्ठुर आहेत. राजाराम गाडी चालवत म्हणाला, तू पाहिलं नाहीस का, संध्याकाळभर तिला कोणी एकटं सोडलं नाही.

पुढच्या शनिवारी उजाडायच्या आत माझं दार वाजलं. तडेसेकाका होते. म्हणाले, ती तुला बहीण म्हणते, तू पाहिजेस. मी साडी गुंडाळून बाहेर आले. कॉरिडॉर माणसांनी भरला होता. पांढऱ्या शाली, हातांत झाकलेली भांडी, कोणी बोलत नव्हतं. कुणी बाल्टिमोरहून आलं होतं. कामावरून सुट्टी मिळेपर्यंत, सगळ्यांची जुळणी होईपर्यंत ते थांबले होते. याला ते मेर्दो म्हणतात. आपल्या माणसाची बातमी पहाटे, सगळ्यांनी मिळून, दारात जाऊन द्यायची. तडेसेकाकांनी बेल वाजवली. मुलूने दार उघडलं, डोळ्यांत झोप होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मागच्या माणसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिने फक्त विचारलं, कोण? आणि ती खाली बसायच्या आत चार हातांनी तिला धरलं होतं.

त्या दिवशी मी तिच्या घरी भांडी घासली. दुपारी तिच्यासमोर ताट ठेवलं. त्यांची भाकरी आपल्या धिरड्यासारखी, आंबवलेली, जाळीची. ती म्हणाली, नको. तडेसेकाकांच्या बायकोने एक घास केला आणि तिच्या तोंडाशी धरला. मुलूने मान फिरवली. बाईंनी हात मागे घेतला नाही. तो तसाच हवेत राहिला, हात भरून आला असेल, तरी राहिला. शेवटी मुलूने तोंड उघडलं. मग दुसरीने घास केला. मग मी. मला तेव्हा तुझी ती खुर्ची दिसत होती. निघताना मी मुलूला म्हटलं, त्या दिवशी तू मला म्हणालीस ते बरोबर होतं. तिला आठवतही नव्हतं.

मैत्री, आज पहाटे माझी बेल वाजली. मी उठले. राजाराम आधीच उठून कपडे करून बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. काल तो ऑफिसातून आला, जेवला, ट्रॅफिकबद्दल बोलला, पानात भात टाकला. साधं वाढदिवसाचं गिफ्ट ज्याला लपवता येत नाही, त्याने रात्रभर ते एकट्याने पोटात ठेवलं. दादाने मला नाही, त्याला ऑफिसात फोन केला होता, आणि राजाराम घरी यायच्या आधी मुलूकडे गेला होता. मी दार उघडलं. मुलू पुढे होती. मागे तडेसेकाका, मागे सगळा मजला, आणि हर्नडनची आपली माणसंही, सगळी पांढऱ्यात. मी पण विचारलं, कोण? मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

आई काल गेली, तिकडच्या रात्री. घरीच गेली, दादाच्या हातावर. जेवून आडवी झाली होती. दादा म्हणाला, त्रास झाला नाही. आज तिकडे दुपारी त्रिसरण म्हणून तिला निरोप दिला. आपल्यासाठी थांबता आलं नाही, त्याबद्दल दादावर रागावू नकोस, मीही रागावले नाही. तुला फोन करू नकोस म्हणून मीच त्याला सांगितलं. ग्रुपवर मेल टाकू नका म्हणून मंडळाला सांगितलं. पहिल्यांदा त्यांना कळेना. दिगंबरकाका म्हणाले, एवढी माणसं घेऊन गेलो तर पोर घाबरेल. मी म्हटलं, घाबरू दे, पण माणसांत घाबरू दे. रविवारी सकाळी तू इंदोऱ्याला फोन लावतेस, म्हणून त्याआधी पोचा म्हटलं. मी स्वतः येऊन सांगणार होते, पण सकाळच्या आत विमान नाही. तू हे वाचतेस तेव्हा मी विमानात आहे. दुपारी तुझ्या दारात असेन. सोमवारी आपण दोघी नागपूरला निघू, पुण्यानुमोदनाला असू. व्हिसाचं स्टॅम्पिंग वगैरे तिथे बघू. बॅग भरू नकोस, मी आल्यावर भरते.

आता पत्र बाजूला ठेव आणि वर बघ. ही सगळी तुझ्यासाठी उठून आली आहेत. रडू नकोस असं कोणी म्हणणार नाही, मी त्यांना ताकीद दिली आहे. काकूंनी डब्यात भात आणि वरण आणलंय, आईच्या पद्धतीचं, लसणाची फोडणी दिलेलं. फोनवर मला विचारून विचारून लिहून घेतलं. तू नको म्हणशील. त्या हात मागे घेणार नाहीत. मला भरवताना मुलूनेही घेतला नाही. तोंड उघड, मैत्री.

तुझीच,
ताई