तुले वास येते का?

बाबा, काल दुपारी मला संत्र्याच्या बहाराचा वास आला. दिवाळी नुकतीच झाली आहे. या दिवसांत कुठल्याच संत्र्याला फूल नसतं, आणि आपल्या सक्करदऱ्याच्या घराजवळ संत्र्याचं झाडही नाही. मी देवापुढे बसलो होतो. वाटलं उदबत्ती असेल, पण ती अजून लावायचीच होती.

तुम्हाला फिट येण्याआधी हाच वास यायचा. नरखेडकडच्या बागेत राबत होते तेव्हापासून, असं आई सांगायची. एकदा विहिरीच्या काठावर पडले आणि तिनं बागच सोडायला लावली. मग महाल भागातलं भांड्यांचं दुकान; सायकल नाही, जन्मभर पायी जाणं-येणं. 'बहार येऊन राहिला,' एवढं म्हणून तुम्ही हातातला चहा दूर सारायचे, चष्मा आईकडे द्यायचे आणि भिंतीला टेकून खाली बसायचे. एकही लेकरू तुम्ही कधी उभ्यानं घेतलं नाही. शेजारीण हसायची, 'बुवा बसल्याबिगर नातवाले हात लावत नाही वं.' तुम्हीही हसायचे. दुकानात फिट आली तेव्हा कोणीतरी तुमच्या नाकाला जोडा लावला होता. शुद्धीवर येऊन तुम्ही म्हणाले, 'कोणाचा हाय गा जोडा? पाय धूत जाय म्हणा त्याले.'

पण वास आला की आधी माझ्याकडे वळायचे. 'तुले येते का?' मी स्वतः बाप झालो तरी विचारत होते. मी 'नाही' म्हटलं की तुमचा चेहरा सैल व्हायचा. 'बरं हाय,' म्हणायचे, आणि मग डोळे फिरायचे. शेवटच्या दिवशीही तसंच. मी 'नाही' म्हणालो, तुम्ही 'बरं हाय' म्हणाले, आणि पुन्हा उठले नाहीत. चहाचा कप हात लागणार नाही इतका दूर ठेवलेला होता.

काल वास दाट होत गेला, तसं पाठीमागून, तुमच्या त्या भिंतीजवळून, कोणी विचारलं, 'तुले येते का?' मी मागं पाहिलं नाही. पहिल्यांदाच 'हो' म्हणालो. मागून 'बरं हाय' आलं नाही. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी आडवा होतो आणि निरांजन विझलं होतं. तुमची सून पदराला हात पुसत दारात उभी.

'कोणासंगं बोलून राहिले जी?'

'देवासंगं.'

'अन् देव का म्हणे?'

मी निरांजन पुन्हा लावायला घेतलं.

आता चांगल्या गोळ्या निघाल्या आहेत म्हणतात. रोज घेतल्या तर फिट येत नाही, मग वासही येत नसेल. घरात माझी तीन महिन्यांची नात आहे. कालपासून मी तिला घेतलेलं नाही, सर्दी झाली म्हणून सांगितलं. तुम्ही असते तर माझा हात धरून दवाखान्यात नेलं असतं. मी जाईन, बाबा. पण आज दुपारी दार लोटून, भिंतीकडे पाठ करून, मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो. वास आला नाही. आणि खोटं काहून बोलू, मला वाईट वाटलं.