झटके देणारी पिकअप

४ नोव्हेंबर

बाबांकडून गाडीची किल्ली काढून घेतली. परक्या माणसासमोर!

हॉटेलात आमच्या नर्सरीतल्या मोठ्या कुंड्या पोचवायच्या होत्या. पिकअप बाबा चालवत होते, मी शेजारी. दारातल्या चढावर गाडीने असे हिसके दिले की मागच्या कुंड्या एकमेकींवर आपटल्या. तीन फुटल्या. मॅनेजर समोरच उभा. मी उतरले आणि बोलून गेले — "बाबा, तुमचा पाय आता पूर्वीसारखा राहिला नाही. क्लच कसा सोडायचा तेही विसरलात! द्या ती किल्ली."

त्यांनी दिली. मग खाली बसून खापऱ्या वेचायला लागले.

५ नोव्हेंबर

नर्सरीत बाबा रोपांना पाणी घालत होते, माझ्याकडे पाठ. "चहा?" विचारलं. "झाला."

७ नोव्हेंबर

आज एकटीने गाडी काढली. चढ लागला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला — धक्, धक्, धक्! उचकी लागल्यासारखी. दुसऱ्या गिअरमध्ये, तिसऱ्यातही. क्लचवर माझा पायसुद्धा नव्हता. म्हणजे दोष गाडीतच!

कडेला थांबले. कानशिलं तापली.

घरी येऊन लगेच सांगायला हवं होतं. आधी दुरुस्त करू, मग सांगू, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर सांगायला तोंडच नाही.

१० नोव्हेंबर

गाडी हळूभाऊंकडे टाकली. (गॅरेजवाले. सगळं निवांत करतात म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव.) त्यांनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. "कचरा अडकला असेल. वय झालं ताई गाडीचं, खोकणारच." फिरवून आणली — खोकला तसाच.

"बाबा नाही आले? एरवी माझ्या डोक्यावर उभे असतात."

"त्यांना काम होतं," मी म्हटलं. खोटं! बाबा फाटकाजवळच्या स्टुलावर रिकामे बसले होते.

१२ नोव्हेंबर

प्लग बदलले. शून्य फरक. जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणते गाडी?" "बरी आहे," म्हटलं. ताटातून मान वर करवेना.

१५ नोव्हेंबर

सापडलं!!

हळूभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "उभ्या उभ्या रेस केली की गुणी बाळ. ओझं पडलं की रडते. मग ओझं टाकूनच बघू." चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, आत बसून गिअर टाकला आणि क्लच जरासाच सोडला. मी बाजूला उभी राहून बॉनेटखाली बघत होते. इंजिन एका कुशीला कललं, हवेचा जाड रबरी पाइप ताणला गेला आणि त्याच्या पोटाखालची चीर माशाच्या तोंडासारखी उघडली. क्लच दाबला, इंजिन सरळ — चीर गायब!

"इथे! इथे बघा!" मी ओरडलेच.

इंजिन ज्या रबरावर बसतं ते दबलं होतं. म्हणून इंजिन डुलायचं, पाइप ओढायचं आणि चिरेतून नको तेवढी हवा आत घ्यायचं. दोन्ही नवीन टाकली. चढावर नेली — लोण्यासारखी!

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतकी वर्षं याच माणसाच्या शेजारी बसून मी गाडी शिकले, आणि त्यालाच चारचौघांत...

१६ नोव्हेंबर

बाबांसमोर किल्ली धरली. "दोष गाडीचा होता. आणि माझ्या जिभेचा. चुकले मी, बाबा." त्यांनी ती घेऊन खुंटीला अडकवली. "बघू उद्या," एवढंच.

त्यांचा राग गेलेला नाही. जाईल कसा?

१७ नोव्हेंबर

बाबा गाडी चालवायला बसले. फाटकातून बाहेर काढताना हिसका — बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा हिसका. नवा पाइप, नवं रबर! मी बॉनेट उघडायला उतरणार, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. डावा पाय घोट्याखाली बधिर झालाय. क्लच कुठवर आलाय ते कळतच नाही. उन्हाळ्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू किल्ली मागितलीस तेव्हा सुटलो असं वाटलं." इंजिन बंद केलं. "गाडी दाखवून आणलीस. आता मला ने."