जैतुनाचा डबा

शुक्र., ८ डिसें. १९७२
आजही अप्पांना कॅरिअरवर बसवून मास्तरांकडे. गुडघा धरल्यापासून रोजचंच झालंय. मामा कुरकुरला, सायकलचं दुकान सोडून रोज संध्याकाळी कुठं जातोस? म्हटलं, तुमच्याच बापाला नेतो. मला काय, मास्तरांची पोरगी क. दिसते. पूर्ण नाव लिहीत नाही, मामी सगळं चाळते.

अंगणात तिघे म्हातारे. गफूरचाचा म्हणाला, तिघांत मिळून गुडघे सहा, धड एकच, तोही माझा. टांगा विकल्यापासून तो पायी फिरतो. मास्तर म्हणाले, "आमच्या चर्चच्या पायऱ्या दर रविवारी एकेक वाढताहेत."

मग खाण्यावर घसरले. साखर रेशनची, म्हणून यंदा नाताळच्या करंज्या गुळाच्या. चाचाच्या शिरखुर्म्यात दूध कमी, "शेवया पाण्यात पोहत हुत्या." अप्पांनी लष्करी मेसमधला बडा खाना काढला. अठ्ठावीस वर्षं बटलर होते, ताटंच्या ताटं आठवतात. काचेच्या बशीत ऑलिव्ह. मास्तर म्हणाले, तेच आमचं जैतून. जन्मभर पोरांना बायबलातला जैतुनाचा डोंगर शिकवला, फळ कधी पाहिलं नाही. चाचा: "आमच्या कुराणातबी हाय. नाव घ्यायचं आपण दोघांनी, खाल्लं ह्या बटलरनं."

हिरवं बरं का काळं, यावर वाद. अप्पा: "हिरवं भोकराच्या लोणच्यावानी. काळं कडवट. सायेबलोक उगं खायाचे."

आतून क. म्हणाली, "काळंच चांगलं. हिरव्याला नुसतं मीठ."

अप्पांना एकदम खोकला आला.

हिनं कधी खाल्लं? अप्पांना मेस सोडून आठ वर्षं झाली.

रवि., १० डिसें.
झोप नाही. नगरला जाऊन दाळमंडईत जैतून विचारलं. असलं काही मिळत नाही. एक जण म्हणाला, लष्करात बघा.

परत येताना चर्च सुटत होतं. क. पायऱ्यांवर, शेजारी तो थॉमस. मेसमधला क्लार्क, केरळचा. पांढरा शर्ट, इस्त्री मोडलेली नाही. मास्तरांनी त्याचा हात हातात धरला तो सोडेचनात. माझा हात त्यांनी कधी...

बुध., १३ डिसें.
थॉमसची सायकल पंक्चर. "भाई, जरा जल्दी," म्हणून चहाला गेला. हँडलला पिशवी. पाहिली. डबा. परदेशी अक्षरं, फांदीचं चित्र, काळी फळं.

पंक्चर काढलं नाही. चांगल्या चाकाचीही हवा सोडली. आला तेव्हा विचारलं, मेसका माल किसको देता है? हसला. भाऊ म्हणे जहाजावर आहे, तो कोचीनहून धाडतो. "बडे बाबा को देना है." कोण बडे बाबा? सांगेना. कॉलर धरली. मामानं सोडवलं, मलाच पंक्चर काढायला लावलं, वर त्याची माफी मागितली. माझ्या वतीनं. मी मागितलेली नाही.

गुरु., १४ डिसें.
बडे बाबा म्हणजे मास्तर, दुसरं कोण. जाताना अप्पांना विचारलं, थॉमस मास्तरांकडे येतो का हो? "खड्डा बघून चालव."

छावणीच्या चढावर पाठीला काहीतरी टणक टोचत होतं. गुडघा नव्हे. उतरल्यावर अप्पा काठी टेकत थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. परतताना पाठीला काही लागलं नाही.

अप्पा? माझे अप्पा?

शनि., १६ डिसें.
विचारलं. लपवलं नाही त्यांनी.

"व्हय, मीच. पोरगा गुणी हाय, पगार हाय, त्यांच्यातलाच हाय. दिवाळीपास्नं बोलनं चाललंय. मास्तरला हिंडाय होत न्हाई, मला तू हायेस हिंडवाया."

मला तू हायेस हिंडवाया. म्हणजे मीच दीड महिना मध्यस्थाला कॅरिअरवर घालून नेत होतो. चढावर उतरून ढकलतसुद्धा होतो.

"तुम्हाला माझं माहीत होतं?"

"पाय गेल्यात माजं, डोळं न्हाई. प्रोफेसराशी भांडून कालेज अर्ध्यात टाकलंस, पाना धरलास. पुणतांब्याला बाप तुज्यासाठी पोरी बघतोय. त्यो किरिस्ताव घरची सून करंल? मास्तर माजा दोस्त हाय. त्येच्या पोरीचं वाटोळं मी हून करू?"

पाना भिंतीवर फेकला. पोपडा निघाला.

मंगळ., १९ डिसें.
दोन दिवस नेलं नाही. काल अप्पा काठीवर एकटेच निघाले, ओढ्यावरच्या मोरीपर्यंत पोचले आणि तिथंच बसून राहिले. चाचानं ओळखीच्या टांग्यातून आणून सोडलं. मला म्हणाला, "रागाव, पन त्याला बसवून रागाव." मामी बोलत नाही. उद्यापासून नेणार. न्यायचं आणि ऐकायचं. निदान कळेल तरी.

सोम., २५ डिसें.
नाताळ. सगळ्यांना बोलावणं. मी सायकल धरून गेटात. अंगणात मटण, पुऱ्या, गुळाच्या करंज्या. थॉमस मधोमध. बशीत काळी जैतुनं. मास्तरांनी एक तोंडात घातलं, बराच वेळ चघळलं, बी तळहातावर काढून म्हणाले, "एवढंच?" चाचानं दुसरं उचललं. "खारवलेलं बोर हाय की." अप्पा हसता हसता ठसकले. थॉमसनं पाणी दिलं. माझ्या आजोबांना.

क. ताट घेऊन गेटात आली.

मी म्हटलं, "काळं आवडतं ना तुला."

"आवडतं. मग?"

मी सायकलची घंटी उगाच वाजवली.

"लोकांच्या कॉलरी धरत फिरतोस. मला एकदा तरी काही विचारलंस?" तिनं ताट माझ्या हातात दिलं. "रविवारी बाबा थॉमसना उत्तर देणार आहेत. त्याआधी ये. आत ये, गेटात नको."

थॉमसना. मला तू. यातलं जवळचं कुठलं? आणि बोलावलं कशाला, विचारायला, की सर्वांसमोर माझंही एकदाचं मिटवून टाकायला? करंजी खाल्ली नाही. नंतर खाल्ली.

रवि., ३१ डिसें.
सकाळी पुणतांब्याचा निरोप: पोराला दोन तारखेला पाठवा, पाहुणे येणार आहेत. मामानं निरोप सांगितला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी मामीनं न मागता शर्ट धुऊन, इस्त्री करून खाटेवर ठेवला. हिला कुणी सांगितलं? क. इकडे येत नाही. का पाहुण्यांसाठीच आहे हा?

अप्पा टोपी घालून केव्हाचे ओट्यावर बसलेत. मघाशी विचारलं, "आज आत येनार हायेस व्हय?" म्हणजे यांनाही माहीत. म्हटलं, येणार. वाटलं, आता बोलतील, बापाचं नाव काढतील. नुसता गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "चढाला मी उतरतो. दमून जाऊ नगंस तिथं."

दोन महिन्यांत कधी उतरले नाहीत.

हे लिहून निघतोय. आत काय बोलायचं ते चार वेळा जुळवलं, चारही वेळा भांडणासारखं झालं. अप्पांनी हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा मऊ आहे. मला हे लक्षण बरं वाटत नाही.