हेल्मेटमधली चिठ्ठी

मे २०११

प्रिय जनीन,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. फ्रिजच्या दारावर लॉबस्टरच्या चुंबकाखाली लावून ठेवलंय. दूध काढताना दिसतं, दूध ठेवताना दिसतं. गिल्बर्टला तर त्यातलं ते वाक्य पाठच झालंय, 'विभागप्रमुख म्हणून एक जागा माझ्या हातात असते, ती तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, पंधरा तारखेपर्यंत फक्त हो म्हण.' रोज सकाळी स्कूल बस काढायला जाताना तो विचारतो, "काय बायको, 'हो' म्हटलंस का? का त्या लॉबस्टरलाच कॉलेजात पाठवायचंय?" मी सांगते, विचार करतेय. आता पंचेचाळिसाव्या वर्षी, कागदाच्या गिरणीला मार्चमध्ये कायमचं टाळं लागल्यावर, विचार कसला करायचा? एक्स-रेच्या तुझ्या वर्गाला एकावन्न जणांनी अर्ज केलेत आणि जागा आहेत चौदा. बाकीच्यांचा क्रम युनियनच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या टाकून लागणार, आणि मला तू चिठ्ठीशिवाय आत घेणार. दुसरी कुणी असती तर रविवारी चर्चमध्ये तुझ्या नावाची मेणबत्ती लावून आली असती.

मी मात्र चिडले. पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर कागद अंगठ्याखाली चोळून पाहिला. जाड, किंचित पिवळसर, कडेला सुबक. आपल्या गिरणीचा नव्हता. मनात आलं, आता हिला कागदसुद्धा परका लागतो. आपलीच गिरणी बंद पडलीय, तू आपला कागद आणणार कुठून, हे मला कळत होतं. तरी पण चिडले. तुझ्या बाबतीत माझं असंच होतं गं, आणि आज नाही, बारा-तेरा वर्षं होतंय.

दर डिसेंबरला तुझं ते छापील पत्र येतं ना, वर्षभराची हकीकत आणि खाली फोटो, त्यानं माझा नाताळ नासतो. पहिल्या वर्षी तू चार ओळीच लिहिल्या होत्यास. मुलं बरी आहेत, मी शाळेत जाऊ लागलेय, हाडांची नावं तोंडपाठ करतेय, आणि थेरेसच्या शुक्रवारच्या खिमा भरलेल्या टुर्टिएर नसत्या तर आम्ही तिघं उपाशी मेलो असतो. पुढं पानं वाढत गेली. तू पास झालीस. इस्पितळात लागलीस. मग शिकवायला लागलीस. मग नदीकाठी घर, मग तो डेल, जो स्वतः स्वयंपाक करतो. अगं, स्वयंपाक करणारा नवरा आपल्यापैकी कुणी कधी पाहिला होता का? माझी आई ही पत्रं नाताळच्या जेवणाला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते. चष्मा नाकावर सरकवते आणि म्हणते, "ऐका, जनीन आता अख्ख्या विभागाची प्रमुख झाली. एकाच बाकावर बसायच्या दोघी. एकीनं नशीब काढलं, दुसरी अजून गिरणीतच." मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि जी भांडी घासून झालीत ती परत घासते.

आणि दरवर्षी न चुकता त्या पत्रात माझ्या टुर्टिएरचा उल्लेख असतोच. तो वाचला की मला तुझा जास्तच राग येतो. तू जरा गर्विष्ठ झाली असतीस, मला विसरली असतीस, तर किती सोपं झालं असतं!

एप्रिलमध्ये युनियनच्या हॉलमध्ये तू या वर्गाची माहिती द्यायला आलीस, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. तू मला पाहून हात केलास, मीही केला. पण तुझं बोलणं मी धड ऐकलंच नाही. मी तुझा तो लांब लोकरी कोट बघत होते, आणि तुझे हात. कागदानं कापलेली एक रेघ नाही हातावर. मी माझे हात कोटाच्या खिशात घातले. मग तू ती गोष्ट सांगितलीस, गावात सगळ्यांना ठाऊक असलेली, अर्मांडच्या हेल्मेटची. तू सांगतेस ती छानच. मे महिना, शहाऐंशी साल, आपण विशीतल्या, एकाच सकाळी चार माणसं कामावर घेतली. तारीख एकच, मग सीनिऑरिटीच्या यादीत वर कोण नि खाली कोण? म्हणून युनियनच्या अर्मांडनं डोक्यावरचं हेल्मेट काढून उलटं धरलं आणि त्यात चार चिठ्ठ्या टाकल्या. "पोरींनो, आज खिदळताय," तो म्हणाला होता, "पण हा आकडा लग्नापेक्षा घट्ट. नवरा सुटेल, हा सुटायचा नाही." तू तुझी चिठ्ठी घेतलीस, न उघडताच तिच्यावर ओठ टेकवलेस, तिला गुलाबी लिपस्टिक लागली, आणि ती माझ्या हातात कोंबून म्हणालीस, "तूच उघड गं, माझा हात दगडी आहे, चांगलं काही उचलतच नाही." आणि नोकरी लागल्याचं आईला कळवायला फोनकडे पळालीस.

हॉलमध्ये तू पुढं म्हणालीस, "हात दगडीच निघाला. थेरेसला दोन आला आणि मला तीन. त्या तीनपायी नोकरी आधी गेली, आणि त्या तीननंच मला वाचवलं." सगळे हसले. टाळ्या पडल्या. नोकरी गेलेल्या माणसांना अशीच गोष्ट हवी असते. मीही टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेली इव्हॉन मला कोपरानं ढोसत म्हणाली, "बघ, तुला तीन आला असता तर आज तो कोट तुझ्या अंगावर असता." गमतीत म्हणाली बिचारी. बाहेर अजून बर्फ होतं आणि मी कोटाची बटणं काढून बसले होते.

माझं कसं गेलं ते मी तुला कधी लिहिलं नाही. तू विचारायचीस, मी 'ठीक' म्हणून कार्ड पाठवायचे. तू गेल्यावर तीन वर्षांनी मोजणीच्या खोलीत यंत्र आलं. आपण दोघी पंख्यासारखे ताव उलगडून चार बोटांनी किती भराभर मोजायचो, आठवतं? ते काम एका दुपारीत संपलं. मग नियमाप्रमाणे मी माझ्याखालच्या नंबरच्या बाईला कामावरून ढकललं आणि तिची जागा घेतली, गुंडाळणीच्या यंत्रावर. तीन वर्षांनी ते बंद झालं, मग पुठ्ठ्याच्या नळ्या कापायच्या खोलीतल्या एकीला ढकललं. ती इव्हॉनची मुलगी होती, पोटुशी. इव्हॉन वर्षभर माझ्याशी बोलली नाही, नंतर बोलली, कारण नियम तिलाही ठाऊक होता. शेवटची दोन वर्षं मी आवारात झाडू मारत होते. नंबर मात्र माझा पक्का होता. गिरणीचा शेवटचा दिवस पाहणाऱ्या नऊ जणांत मी होते. पंचवीस वर्षं नोकरी टिकवली, जनीन, आणि टिकवून काय मिळवलं, तर गुडघे गेले आणि भोंग्याशिवाय जाग येईना.

म्हणून मी तुझ्यावर जळते. साधं, सरळ जळते. तुझ्या घराच्या खिडक्यांवर, बोस्टनला शिकणाऱ्या तुझ्या मुलीवर, डेलच्या सूपवर. लोक तुला 'मॅडम' म्हणून प्रश्न विचारतात त्यावर सगळ्यांत जास्त. एकदा तुझ्या पत्रातला फोटो मी कात्रीनं नीट कापला, तू बाजूला आणि नदी बाजूला, आणि नदी तेवढी फ्रिजवर लावली. गिल्बर्टनं विचारलं, ही कुठली? म्हटलं, असंच एक चित्र आहे. इतकी खुळी झाले मी.

पण मत्सराचा एक नियम असतो, जे आपलं कधी नव्हतंच त्याचा तो इतका छळत नाही. डॉक्टरच्या बायकोचं घर तुझ्या तिप्पट आहे, तिच्यावर मी कधी जळले नाही. तुझ्यावरच का? हे मला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं ठाऊक आहे. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं ते याच जागी येऊन.

अठ्ठ्याण्णवचा तो ऑक्टोबर आठव. हजेरीच्या पंचिंग घड्याळाशेजारी यादी लागली होती आणि लाल पेन्सिलीची रेघ बरोबर आपल्या दोघींच्या मधून गेली होती. वर मी, खाली तू. आपल्या तारखेचे बाकीचे दोघे केव्हाच गिरणी सोडून गेले होते, उरलो होतो आपणच. तुझी दोन मुलं, एक चारचं, एक सहाचं. तुझा रोलंड तुम्हा तिघांना टाकून कनेटिकटला पळून गेलेला. मी यादीसमोर हमसून हमसून रडायला लागले आणि तू, जिची नोकरी गेली होती ती तू, मला जवळ घेऊन पाठीवर थोपटत राहिलीस. "रडू नकोस गं, निदान दोघींतली एक तरी राहिली." तुला वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय. गावालाही तेच वाटलं. मी सुटकेनं रडत होते, जनीन. गिल्बर्टची पाठ त्याच उन्हाळ्यात लाकडाच्या ट्रकवर मोडली होती, घरात दुसरा पगार नव्हता, आणि माझ्या डोक्यात एकच, की रेघ माझ्या खाली गेली. दर शुक्रवारी मी तुझ्या दारात टुर्टिएर ठेवून जायचे, बेल न वाजवता. तू त्याला माया म्हणतेस. ती माया नव्हती. मला भीती वाटायची, की तू दार उघडशील आणि मी बोलून जाईन.

तर आता बोलते. तू फोनकडे पळालीस, तेव्हा सोड्याच्या बाटल्यांच्या यंत्राशेजारी उभं राहून मी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. तुझ्या चिठ्ठीत दोन होता. माझ्यात तीन. अर्मांडनं चिठ्ठ्या मागितल्याही नाहीत, लांबूनच विचारलं, "काय गं, कुणाला काय?" आणि मी म्हणाले, "मला दोन, जनीनला तीन." अख्खी चोरी तेवढीच, चार शब्दांची. कशासाठी केली हे ऐकलंस तर मला झाडूनं हाणशील. तेव्हा नोकऱ्या जातील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वरच्या नंबरला सुट्टीचा आठवडा आधी निवडता येतो, एवढंच मला ठाऊक होतं, आणि मला जुलैचा पहिला आठवडा हवा होता, गिल्बर्टच्या चुलत्याच्या तळ्याकाठच्या खोपटात जायला. त्या आठवड्यात पाच दिवस पाऊस पडला. मग बारा वर्षांनी ती लाल रेघ आली. तेव्हा तोंड उघडलं असतं तर तू राहिली असतीस, मी गेले असते. तुझ्या ताटातलं मी ओढून घेतलं, आणि माझं म्हणून जे टाकून दिलं ते तू उचलून जेवलीस. ज्या आयुष्यावर मी जळते ते मी खरं बोलले असते तर कदाचित माझं असतं. आणि कदाचित नसतंही. हाडांची दोनशे सहा नावं मला पाठ झाली असती की नाही, देव जाणे. तू केलीस, दोन पोरांना मांडीवर घेऊन केलीस, हे मला कबूल करायला बारा वर्षं लागली.

माझी तीनची चिठ्ठी मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. तुझी टाकवली नाही. पाककृतींच्या डब्यात टुर्टिएरच्या कार्डामागं ती इतकी वर्षं होती, या पत्रासोबत पाठवतेय. आत आकडा बघ, बाहेर तुझ्या ओठांचा ठसा बघ. रंग आता विटकरी झालाय, पण ओठ तुझेच आहेत. आणि हे पत्र लिहायचं कारण, पंधरा तारखेच्या आत तुला उत्तर द्यायचं आहे. उत्तर असं, की तुझ्या हातातली ती जागा मला नको. इव्हॉनच्या मुलीनंही अर्ज केलाय, तिला दे, तिची एक जागा माझ्याकडं लागते. माझं नाव बाकीच्यांबरोबर चिठ्ठ्यांत टाक. हे वाचून टाकावंसं वाटलं नाही तर नको टाकूस, मी विचारायला येणार नाही. टाकलंस, तर त्या दिवशी मी हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत असेन. चिठ्ठी मी उचलेन, पण उघडणार नाही. ती तू उघड, जनीन, आणि आत जो आकडा असेल तो मोठ्यानं वाच.

अजून म्हणू देत असलीस तर तुझीच,
थेरेस