माझ्याआधी येऊन गेलेली

३ नोव्हेंबर
नोकरीचा पहिलाच दिवस आणि तोही चाळिसाव्या मजल्यावर! वानझोऊच्या एका साध्या गल्लीत वाढलेली मी, श्यांग रुओलान, आता चोंगछिंगच्या एका मासिकासाठी इथल्या चार आलिशान हॉटेलांची तुलना करणार. संपादक ओउ यांनी बजावलंय, लेख छापून येईपर्यंत नावं कुठेच लिहायची नाहीत. म्हणून इथे पहिलं, दुसरं असंच लिहीन. पहिलं झकास. उशाच सहा प्रकारच्या. गादीवरून उठवत नाही. खाली धुक्यात शहरातल्या दोन नद्या एकमेकींत मिसळताना दिसतात. नाश्त्याच्या तिखट नूडल्सना मात्र आमच्या गल्लीतल्या म्हातारीच्या हाताची सर नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, आता घरची खाट टोचेल हो लानलान तुला! बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. तिला एकदा इथे आणायचंच.

५ नोव्हेंबर
दुसरं हॉटेल. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र पाहिलं आणि म्हणाली, पुन्हा आलात, बरं वाटलं. मी तर पहिल्यांदाच येतेय! तर म्हणे, गेल्या महिन्यात तीन दिवस होतात की. एक शब्द बोलला नाहीत, आम्हाला वाटलं घसा बसलाय. मी हसण्यावारी नेलं. रोज शेकडो चेहरे बघतात बिचाऱ्या. न्हाणीघर प्रशस्त, टॉवेल मऊ, चहा अगदीच पाणचट.

७ नोव्हेंबर
तिसरं. सकाळी नूडल्स करणारे फू काका मला बघून खूश झाले. हात बरा झाला वाटतं, म्हणाले. गेल्या आठवड्यात तुम्हाला चॉपस्टिक धरता येत नव्हत्या, उकळत्या रश्शात बोटं घालून खात होतात. चटका बसल्याचंही दिसलं नाही.
मी रजिस्टर दाखवायला लावलं. माझं नाव, माझ्या ओळखपत्राचा नंबर. खाली सही, लहान मूल गिरवतं तशी. मग कॅमेऱ्यातलं चित्रण मागितलं. चेहरा माझाच. लॉबीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघतेय, आणि त्यांच्यासारखे ओठ हलवून बघतेय.
ओउ साहेब फोनवर म्हणाले, दमली असशील. चौथं तेवढं उरकून टाक.

८ नोव्हेंबर, सकाळ
चौथं. दारवानाने विचारलं, काही विसरलात का मॅडम? तासाभरापूर्वीच तर निघालात. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, काल किती हसवलंत आम्हाला! आईच्या एकेक गोष्टी सांगितल्यात. सही पाहिली. हुबेहूब माझी. बाईंनी विचारलं, वानझोऊची गाडी चुकली का? तुम्हीच तर वेळ विचारून गेलात —
आई फोन उचलत नाहीये.

८ नोव्हेंबर, गाडीत
उचलला. मी म्हटलं, आई, दार उघडू नकोस. ती हसली. काय सोंग गं हे, आत बसून मला फोन करतेस? मागे कुणीतरी भाजी चिरत होतं. मी ओरडले, ती मी नाही! आई दबक्या आवाजात म्हणाली, "कोण आहेस गं तू? माझी लेक माझ्यासमोर बसलीय." फोन बंद.
पोलिसांना फोन केला. ते विचारतात, म्हणजे तुमच्या घरात तुम्हीच शिरलाय?

८ नोव्हेंबर, दुपार
आमच्या जिन्यात बसलेय. आईने साखळी न काढता दार उघडलं होतं. मला पाहिलं आणि पांढरीफटक पडली. ओळखलं तिने — मला ओळखलं. साखळीकडे हात नेला, तेवढ्यात आतून माझा आवाज आला, आई, कोण आलंय गं? दार लागलं. आईने नाही लावलं —
किल्ली फिरत नाही. आतून कडी. शेजारी दार उघडत नाहीत.
आत काहीतरी पडलं. मग खूप वेळ काहीच —
पोलीस निघालेत म्हणे. लिहून ठेवतेय, कुणाला तरी कळायला —
कडी निघाली. दार किलकिलं झालं. आईची चप्पल. आईचा हात. आई बोलावतेय मला. आवाज आईचाच, पण तुटक, अक्षर-अक्षर जुळवून, नुकताच शिकल्यासारखा —
ला... लान... लानलान... ये... आत