चित्रातलं मांजर

प्रिय चिमे,

फोन केला असता, पण फोनवर मी तुला हसवून मोकळी होते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

हल्ली मी विसरते, म्हणून ह्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरीणबाई पोरसवदा, गोड. त्या एकेक चित्र दाखवायच्या, मी नुसतं नाव सांगायचं. छत्री, कुलूप, चमचा, सगळं नीट झालं. मग मिशा, शेपटी, आपलं दूध सांडणारं तेच ध्यान समोर आलं आणि शब्दच येईना. 

उभा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत गेला. शब्द अडला की त्याच्या मागच्या दाराने शिरायचं, ही तिथली सवय. तशीच शिरले. म्हटलं, संस्कृतात मार्जार. मृज् म्हणजे पुसणं, साफ करणं. दिवसभर स्वतःला चाटूनपुसून लख्ख ठेवतो, म्हणून त्या प्राण्याचं हे नाव. केर काढायची संमार्जनीही त्याच घराण्यातली. बाई लिहायचं सोडून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे, निर्धास्त राहा. ह्यांची तर छाती फुगली. आता भेटेल त्याला मार्जारपुराण ऐकवत असतात.

साधा शब्द संध्याकाळी भांडी विसळताना आला. मांजर. पुन्हा जाईल या धास्तीने मी तो पुटपुटत उभी होते. ह्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, मांजर हाकलतेय.

मधे उशी गेली होती. शेजारीणही गेली, म्हणजे तिचं नाव. बाई धडधाकट आहे! दर वेळी मी व्याख्या सांगून वेळ मारून नेते आणि लोक कौतुक करतात. अशीच मी बुडत जाईन आणि काठावरचे सगळे वा वा करत राहतील. मला फार भीती वाटते गं.

येत्या सोमवारी ह्यांना न सांगता पुन्हा वेळ घेतली आहे. तू ये. लहानपणापासून माझी थाप पकडलीस ती तूच. माझ्या शेजारी बस, मी विद्वत्ता पाजळायला लागले की माझा हात दाब, आणि बाईंना सांग की आमच्या ताईला येत नाहीये. माझ्या तोंडून ते निघत नाही. तेवढं माझ्यासाठी तू म्हण.

तुझीच घाबरलेली,
ताई