डावं-उजवं

३ जून
काम मलाच मिळालं! एकटीला!

कारखाना दारांचा. सॉफ्टवेअर तीन — दुकानात ऑर्डर घेणारं एक, कारखान्यात दार बनवून घेणारं दुसरं, गाडीत चढवणारं तिसरंच. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. म्हणून चौदा वर्षं एक बाई दुकानाची ऑर्डर एका पडद्यावर वाचतात आणि शेजारच्या पडद्यावर पुन्हा टाइप करतात. दिवसभर! मी मध्ये पूल बांधायचा, म्हणजे ऑर्डर आपली आपण पुढे जाईल.

सासूबाईंना समजावलं — तीन जावा, एकमेकींशी अबोला, मी मधून निरोप पोचवणारी. म्हणाल्या, "बोलायला लागल्या की भांडतील बघ!" घ्या!

१२ जून
बाईंनी हळूच विचारलं, "जोडून झालं की माझं काय?"

म्हटलं, "मी आहे ना! तुमच्या नोकरीला धक्का लागू देणार नाही." निवृत्तीला त्यांची दोनच वर्षं उरलीत.

२० जून
पूल चालला!! दुकानात ऑर्डर टाकली, तीन आकडे मोजेपर्यंत कारखान्यात हजर. साहेब म्हणाले, "जादू!" जादू कसली — सतरा दिवस हाडाची काडं केलीत.

२४ जून
नाक कापलं गेलं. चाचणीच्या तीस दारांतली अकरा उलटी! कडी डावीकडे हवी ती उजवीकडे. पूल तपासला — अक्षरन् अक्षर बरोबर. मग बाईंशेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांनी वाचलं 'डावं' आणि टाइप केलं 'उजवं'!

"अहो, हे काय?"

"हा विक्रेता घराच्या आत उभा राहून माप घेतो. कारखाना बघतो बाहेरून. आतलं डावं ते बाहेरचं उजवं, नाही का?"

"आणि हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. मला वाटलं, टाइप करणं म्हणजे हेच."

२ जुलै
बाई सांगतात, मी लिहिते. कोण आत उभा राहतो, कोण बाहेर, कोण चौकटीसकट मापतो. एक्केचाळीस नियम! एकूण एक पुलात बसवले.

९ जुलै
पूल कायमचा सुरू. दोनशे बारा दारं, एकही उलटं नाही! साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. टाळ्या! अंगावर मूठभर मांस चढलं. बाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या.

१५ जुलै
साहेबांनी बाईंना नारळ दिला. महिनाअखेर शेवटचा दिवस. "सगळं पुलात आलंय ना? मग त्यांची गरज काय?" — मलाच विचारलं. दुसऱ्या कारखान्याचंही काम मला द्यायचं म्हणत होते. मी मूग गिळून बसले.

१६ जुलै
बाईंच्या टेबलावरून जायचं टाळते आहे.

५ ऑगस्ट
सभागृहाची दोन झडपांची दारं. वर्षातून एकदाच येणारी ऑर्डर. चाळीसच्या चाळीस उलटी! कारखाना ठप्प. साहेब म्हणाले, "लावा बाईंना फोन."

बाई शांतपणे म्हणाल्या, "दोन झडपांचा नियम वेगळा. मुद्दामच सांगितला नाही. तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडणार नाही, हे ठाऊक होतं मला."

साहेबांनी त्यांना आणायला गाडी पाठवली आहे. दोन वर्षांच्या नोकरीचं पत्र टाइप करून तयार आहे. लाजेनं मेल्यासारखं झालंय. पण काय बाई आहे!